एक्सेलमधला खगोलशास्त्रज्ञ

बारावीचा निकाल लागायच्या आधी ज्याची पीएचडी ठरलेली असते, असा एक तरी मुलगा पुण्यातल्या दर सोसायटीत सापडतो. त्याला खगोलभौतिकी करायची असते. नुसतं 'फिजिक्स' म्हटलेलं त्याला चालत नाही. फिजिक्स म्हणजे क्लासच्या सरांचे उतारावरून घसरणारे ठोकळे. याचा कारभार प्रकाशवर्षांत.

एक्सेलची शीट तयार असते. आयसर पुण्याचं पाच वर्षांचं बीएस-एमएस हिरव्या रंगात, पुढे कंसात प्रवेश परीक्षा, 'आयएटी'. भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबईचं सीईबीएस पिवळ्यात, त्यांना नेस्ट. बंगळुरूचं आयआयएससी केशरी. साधी बीएस्सी करून मग एमएस्सीसाठी जॅम द्यायची, ही ओळ राखाडी, कारण ती वडिलांनी सुचवलेली. पोस्ट-डॉकसाठी गावं, हवामान आणि शाकाहारी जेवणाची सोय यांसकट वेगळा टॅब. गणिताच्या रकान्यात मात्र 'नंतर बघू'.

समजावणारे कमी नसतात. "अरे, नारळीकरांनीसुद्धा केंब्रिजला आधी गणितच केलं!" तो गंभीरपणे मान डोलावतो आणि शीटमध्ये केंब्रिज वाढवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या ताई एमएस्सी झालेल्या. त्या म्हणतात, "पहिल्या वर्षाला फ्लायव्हील फिरवावं लागतं बाबा. पुढे ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपमधून वलयं मोजायची, मान आखडेपर्यंत."

"वलयं?" तो उजळतो.

"शनीची नव्हेत. न्यूटनची."

28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, आईवडिलांना घेऊन स्वारी नारायणगावजवळ खोडदची दुर्बीण बघायला जाते. 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना! एवढी अवाढव्य दुर्बीण, पण डोळा लावायला जागाच नाही. ती रेडिओ लहरी टिपते. इथे पोरगं जरा हिरमुसतं. तरी धीर करून तिथल्या एका संशोधक मुलीला विचारतं, "तुम्ही रात्रभर आकाश बघता?"

"छे. पायथनमध्ये कोड लिहिते. डेटात मोबाइल टॉवरचा वगैरे गोंगाट घुसतो, तो निवडून काढायचा."

तांदळातले खडे निवडतात तसं, हे आईला लगेच पटतं. आणि पाठोपाठ तिचा जीव भांड्यात पडतो. "म्हणजे कॉम्प्युटरचंच काम की!"

तेव्हापासून ती लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगते, "आमचा आयटीतच जाणार, फक्त आकाशाच्या." वडिलांचीही आता हरकत नाही. मुलाने शीटमध्ये पायथनचा रकाना घातलाय. रंग अजून ठरायचाय.