दोन चौरस फूट बागायत

देशमुख हे आडनाव सातबाऱ्यावर शोभतं. आमच्या देशमुखांचं ते डोंबिवलीतल्या सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावतीवर असतं. वडिलोपार्जित जमीन सांगलीकडे आहे आणि ती चुलतभाऊ कसतो. देशमुखांच्या वाट्याला आला तो चौथ्या मजल्याच्या खिडकीत उभं राहून "यंदा मृग कोरडा गेला" असं म्हणण्याचा हक्क. विमा कंपनीत तीस वर्षं काढलेल्या अशा माणसांचा एक पंथच असतो. लोकलच्या दारातून भाताचं खाचर दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांतला कुणी बाल्कनीत टोमॅटो लावतो, कुणी कर्जतकडे तुकडा घेऊन फसतो. देशमुखांनी पाण्याखाली जमीन घेतली.

म्हणजे दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच अशी काचेची टाकी. तळाचं क्षेत्र दोन चौरस फूट. गुंठ्यात १०८९ चौरस फूट असतात, तेव्हा होल्डिंग किती ते तुम्हीच काढा. पण बागायत मात्र शंभर टक्के! टीव्हीच्या स्टँडवर ती ठेवायला निघाले तेव्हा मी म्हटलं, "देशमुख, यात सत्तर लिटर पाणी मावतं. म्हणजे नुसत्या पाण्याचंच वजन सत्तर किलो." त्यांनी माझ्याकडे तलाठ्याकडे बघावं तसं बघितलं. दुसऱ्या दिवशी सुतार आला.

जिवंत झाडं लावणाऱ्या माणसाला माशांची टाकी म्हणून चालत नाही, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. ती 'प्लँटेड टँक' असते. या शेतीचे आराध्यदैवत जपानचे ताकाशी आमानो. जन्म १९५४, पेशा छायाचित्रकाराचा. टाकीत डोंगर, कुरणं आणि जंगलं उभी करणारे. २०१५ साली, म्हणजे वारले त्याच वर्षी, त्यांनी लिस्बनच्या मत्स्यालयात चाळीस मीटर लांबीचं जंगल पाण्याखाली रचलं. त्याचा फोटो देशमुखांनी देव्हाऱ्याशेजारी लावला. वहिनी काही दिवस नवा महाराज समजून त्यालाही उदबत्ती ओवाळत होत्या.

मशागतीपासूनच घोळ झाला. बागेतली साधी माती चाळून तळाला एक इंच आणि वर धुतलेल्या बारीक रेतीचा थर, एवढं पुरतं. पण देशमुखांच्या अंगातला शेतकरी एवढ्यावर थोडाच थांबणार? त्यांनी मातीत शेणखत घातलं. वर पाणी ओतलं तेही बादलीनं, उंचावरून. तळाला ताटली ठेवून तिच्यावर हळूहळू ओतायचं असतं, म्हणजे माती हलत नाही. तीन दिवस टाकीत कटिंग चहा होता आणि घरात गोठा होता.

मग लावणी. कुर्ल्याला रविवारी माशांचा बाजार भरतो, तिथे ते पहिल्या लोकलनं गेले. नवख्याला दुकानदार दुरून ओळखतो. त्यानं दिवाणखान्यात ठेवतात तो 'लकी बांबू' पाण्यातलं झाड म्हणून गळ्यात मारला. त्याचे पाय पाण्यात चालतात, पण डोकं बुडालं की तो कुजतो. दुसरं झाड मात्र खरं होतं, अनुबियास. मूळचं पश्चिम आफ्रिकेतलं, जाड पानांचं, कमी उजेडात जगणारं, महिन्याला जेमतेम एखाद-दुसरं पान काढणारं. सरकारी नोकरीत जन्माला यावं असं झाड. त्याचा आल्यासारखा आडवा कंद उघडा राहावा लागतो, म्हणून ते लाकडाला किंवा दगडाला नुसतं बांधतात. देशमुखांनी ते उसाच्या कांडीसारखं खोल पुरलं. कंद सडला. दुसरं आणलं आणि वहिनींच्या शिवणाच्या दोऱ्यानं बांधलं, ते अजून आहे.

तिसरं क्रिप्टोकोरिन. त्याच्या काही जाती आपल्या कोकणातल्या ओढ्यांतच उगवतात, त्यामुळे देशमुखांना ते घरचंच वाटलं. पण नव्या पाण्यात गेलं की हे झाड रुसतं आणि पानं अक्षरशः वितळून जातात. मूळ जिवंत असतं. दोनतीन आठवडे हात लावला नाही तर नवी पानं येतात. हात न लावणं हे या शेतीतलं सगळ्यात अवघड काम, आणि आमच्या देशमुखांचा तर तो स्वभावच नाही. त्यांनी सगळी उपटून पाहिली, मग परत लावली आणि मला जिन्यात गाठून खर्जात सांगितलं, "दुबार पेरणीचं संकट आहे."

पुढचा दीड महिना टाकीत मासा नव्हता. कारण शास्त्रीय आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो, तो त्यांनाच मारतो. एका तऱ्हेचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात आणि ते झाडं खातात. ही जिवाणूंची भावकी नांदायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर त्यांना अमोनिया मिळावा म्हणून देशमुख रोज संध्याकाळी माशांच्या खाण्याची चिमूट रिकाम्या टाकीत सोडून हात जोडल्यासारखे उभे राहत. अजून न आलेल्या माशांचं असं श्राद्ध मी दुसरीकडे पाहिलं नाही. पाहुणे चहा घेता घेता वाकून विचारत, "मासे कुठायत?" त्यावर देशमुख अमोनियापासून सुरुवात करत. पाहुण्यांचा चहा निवे.

एवढ्यात काचांवर हिरवा थर धरला. उजेडाशिवाय पीक नाही, म्हणून यांनी दिवा चौदा तास चालू ठेवला होता. तो सहा ते आठ तासच हवा. नवी झाडं अजून खायला लागलेली नसतात, आणि उरलेल्या खताउजेडावर शेवाळ पोसतं. टायमर लावला तर प्रश्न मिटतो, पण देशमुखांचा निष्कर्ष वेगळा होता: झाडांना कार्बन डायऑक्साइड कमी पडतो.

त्याचं सिलिंडर महाग. म्हणून दोन लिटरच्या बाटलीत साखर, कोमट पाणी आणि बेकरीतलं यीस्ट, झाकणाला भोक, भोकातून सलाइनची नळी टाकीत. बुडबुडे आले. पाठोपाठ सोसायटीचे सेक्रेटरी आले.

"देशमुख, चौथ्या मजल्यावर हातभट्टीचा वास येतो अशी लेखी तक्रार आहे."

"तो कार्बन डायऑक्साइड आहे."

"तो असू द्या हो. त्याच्याबरोबर जे येतंय त्याचं काय?"

सेक्रेटरींचं नाक शास्त्राला धरून होतं. यीस्ट साखर खाऊन वायू सोडतं आणि मागे अल्कोहोलच ठेवतं. शिवाय बाटलीला रात्र कळत नाही. झाडं हा वायू फक्त उजेडात घेतात, बाटली चोवीस तास सोडत राहते, म्हणून यात मासे असते तर पहाटे पृष्ठभागावर तोंडं वासून दिसले असते. निकाल मात्र शास्त्रानं लागला नाही. एका रात्री नळी तुंबली आणि बाटलीचं झाकण छताला लागलं. वॉचमन शिट्टी वाजवत वर आला. आंबूस पाक सोफ्यावर, देव्हाऱ्यावर आणि आमानोंवर सारखाच उडाला होता. वहिनी काहीच बोलल्या नाहीत. संसारात अशा शांततेला फार महत्त्व असतं. सकाळी यीस्टची पुडी कचऱ्यात होती आणि टायमर लागला होता.

आणि मग पीक आलं, तेही फुकटच्या बियाण्यावर. भाचीच्या कॉलेजात प्रकाशसंश्लेषणाचा प्रयोग झाला. बीकर, उपडं नरसाळं, वर परीक्षानळी आणि आत हायड्रिला. प्रयोग झाल्यावर उरलेली मूठभर हायड्रिला ती पिशवीतून घेऊन आली. देशमुखांनी नाक मुरडून एका कोपऱ्यात सोडली. आठवड्यात ती पाण्याच्या पृष्ठभागाला टेकली. दुपारी पानांवर प्राणवायूचे बारीक मणी धरू लागले. भरभर वाढणारी झाडं नायट्रेट झपाट्यानं खातात, म्हणून शेवाळही हटलं. (माझ्या मते पहिल्या दिवशी हेच टाकावं. मला कुणी विचारलं नव्हतं.) तिच्याबरोबर चिकट अंड्यांतून गोगलगायीही आल्या. 'कीड पडली' म्हणून देशमुखांनी एक दिवस रजा टाकली.

त्यानंतर सहा गप्पी आले, महापालिका डबक्यात डासांच्या अळ्या खायला सोडते तेच. त्यांचं कुणाला कौतुक नाही. लोक गाय दुधासाठी पाळतात, देशमुखांचे गप्पी शेणासाठी आहेत.

दर रविवारी आता कापणी होते. शेंडे खुडून पुन्हा लावले की नवं झाड, उरलेलं पिशव्यांत भरून मजल्यामजल्यावर वाटप. ज्यांच्याकडे टाकी नाही त्यांनाही. आमच्या बादलीत दोन जुड्या आहेत.

गेल्या महिन्यात गावचा चुलतभाऊ कसल्याशा कागदावर सही घ्यायला आला. मीही तिथे होतो. त्यानं टाकीपुढे बसून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "दादा, हे तर आपल्या कॅनॉलातलं गवत. पाणी तुंबतं त्यानं. दर साली उपसून काठावर फेकतो आम्ही."

आता देशमुख चिडणार म्हणून मी पेपर उघडला. त्यांनी कागद न वाचताच सही केली, पेनाचं टोपण लावलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कॅनॉलात केवढं वाढतं रे?"

"आठ-दहा फूट सहज."

"आठ-दहा फूट," देशमुख म्हणाले. एवढा हेवा त्यांनी त्याच्या बारा एकरांचाही कधी केला नव्हता.