ट्रॉलीला कुलूप

चोराच्या बाजूने पाहिलं तर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीइतकी गरीब वस्तू दुसरी नाही. तिला ना इंजिन, ना किल्ली, ना हॉर्न. मोटारसायकल न्यायची तर हँडलचं लॉक मोडा, वायरी जोडा. इथे ट्रॅक्टर मागे घ्यायचा, हूक जुळवायचा आणि पिन टाकायची. कायद्याने ती स्वतंत्र वाहन आहे, आरटीओत तिची नोंद वेगळी, नंबरही वेगळा. पण जो पिन टाकेल त्याच्या मागे ती निमूट निघते.

शिवाय ट्रॉलीचोराला पावलं वाजू न देण्याचीही गरज नाही. ऊसपट्ट्यात एकदा कारखान्याचा बॉयलर पेटला की सांगली-कोल्हापूरकडचे रस्ते रात्रभर ट्रॅक्टरच्या ताब्यात असतात. पहाटे तीनला कर्कश गाणी लावून कुणी आपलीच ट्रॉली ओढून नेली, तरी आपण झोपेत कूस बदलून म्हणणार, ‘आज लवकर खाली झाली वाटतं.’ समोरून येणारा तर आपली गाडी साइडपट्टीवर घेऊन चोराला वाट देतो आणि वर विचारतो, “काट्यावर गर्दी हाय काय?”

आमच्या तात्यांनी नवी डंपिंग ट्रॉली घेतली, आणि पारावर सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. पिन काढून घरात ठेवा, असं पहिल्याने सांगितलं. तात्या पिन उशाशी घेऊन झोपू लागले. पण पिन म्हणजे शेवटी लोखंडाचा दांडा. चोर स्वतःची घेऊन येतो, न आणली तर पहारीचा तुकडाही चालतो. मग एक चाक काढून ठेवायचं ठरलं. टायर डिस्कसकट सोप्यात आला, तशा काकू म्हणाल्या, “आता ट्रॉलीबी आत घ्या, मी जाते गोठ्यात.” जीपीएसचं सांगणाऱ्याला एवढंच विसरायला झालं होतं, की ट्रॉलीला बॅटरी नसते. स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र मिळतं खरं, पण ते चार्ज करायचं काम नातवाकडे, आणि त्या घरात चार्जरवर पहिला हक्क नातवाच्या मोबाइलचा.

ओळखीसाठी मागे मोठ्या अक्षरांत ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ रंगवून घेतलं. तालुक्यातल्या निम्म्या ट्रॉल्यांना तोच आशीर्वाद आहे. खुणेचं म्हणाल तर चासीच्या आतल्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी वेल्डिंगने अक्षरं उमटवून त्यांचा फोटो काढून ठेवणं बरं. रंग एका डब्यात बदलतो, वेल्डिंग घासायला वेळ लागतो. हे मात्र तात्यांनी केलं. चाकाच्या डिस्कमधून जाड साखळी ओवून ती लिंबाला बांधली. वर फॅब्रिकेशनवाल्याकडून दांडीच्या कडीवर बसेल अशी लोखंडी पेटी करून घेतली आणि तिला कुलूप ठोकलं. पिन घालायला जागाच उरली नाही.

चोर हरला. भावकी पेटली.

कारण ती ट्रॉली गावात कधीच उभी राहत नसे. कुणाचं शेणखत, कुणाचा कडबा, कुणाच्या लेकीचं रुखवत, मंडळाचा गणपती. न्यायची आणि संध्याकाळी सांगायचं, अशी रीत. कुलूप पाहून थोरले दादा दारात येऊन उभे. “आमी चोर व्हय रं?” आठवडाभर बोलणं बंद. अखेर एक किल्ली दादांकडे गेली, एक गड्याकडे, एक मंडळाच्या अध्यक्षाकडे. तरी कुणाची अडचण नको म्हणून चौथी तात्यांनी लिंबालाच खिळा मारून अडकवली.

आणि एके सकाळी लिंबाखाली नुसती साखळी.

तात्या अर्ज घेऊन पोलीस ठाण्यात. हवालदार अनुभवी होते. ते म्हणाले, “आता तीनशे एकोणऐंशी राहिलं नाही, तात्या. १ जुलै २०२४ पासून न्याय संहिता. मालवाहू गाडी चोरली की कलम ३०५, सात वर्षांपर्यंत आत. सोडायचा नाही त्याला.”

“अजिबात सोडू नका,” तात्या म्हणाले.

“भावकीत विचारलंत?”

“घरन् घर.”

“मंडळात?”

“झालं.”

“जावयाला?”

तात्यांनी अर्जाची घडी घातली, खिशात ठेवली आणि चहा न घेताच उठले.