परवानाधारक भाई

शेतीच्या रक्षणासाठी मिळालेला बंदुकीचा परवाना ज्याच्या नावावर असतो, तो माणूस पेडण्यात लांबूनही ओळखू येतो. रानाच्या गोष्टी निघाल्या की सगळे बोलतात, हा नुसता हसतो. आमच्या तुयेचे भाई त्यातलेच.

भाईंची दुनळी बारा बोअरची, पोर्तुगीज अमदानीत घरात आलेली. नळ्यांच्या पोटाशी लंबगोलात ‘ईएलजी’ अशी अक्षरे आहेत. बेल्जियमच्या लिएजमधल्या चाचणीघराचा तो शिक्का. पाहुणा चहा प्यायला की त्याला शिक्का बघावाच लागतो.

बंदूक झाडायची कोणावर, एवढाच प्रश्न. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानडुकराला परवानगीशिवाय हात लावता येत नाही. गवा तर गोव्याचा राज्यप्राणी. 2016 साली कृषिमंत्र्यांनी शेतीला उपद्रव देणाऱ्यांत मोराचेही नाव घेतले, तेव्हा भाई जरा ताठ चालू लागले. पण तो राष्ट्रीय पक्षी असल्याची आठवण काकींनी करून दिली.

तेव्हा बंदूक उंबरठा ओलांडते ती निवडणुकीत. आचारसंहिता लागली की ठाण्यात जमा, निकालानंतर पावती दाखवून परत. परत आली की माहेरवाशिणीसारखे तिचे न्हाणे निघते.

पडवीवर गोणपाट पसरतात. भाई आधी बंदूक मोडून दोन्ही नळ्या आरपार बघतात. काडतूस नाही हे ठाऊक असते, तरी बघतात. तेवढा एक नियम ते खरोखर पाळतात. मग नळ्यांखालचे लाकूड काढून नळ्या सुट्या करतात आणि जमलेल्यांना विचारतात, “इजेक्टर म्हणजे काय?” उत्तर तेच देतात. बार उडालेले काडतूस बाहेर फेकायचे आणि न उडालेले नुसते वर उचलायचे, एवढी अक्कल या दोन लोखंडी तुकड्यांना असते.

ते धरून ठेवणारा स्क्रू बारीक, त्याची खाच त्याहून बारीक. पेचकस तंतोतंत बसला नाही तर खाच कायमची फाटते, म्हणून भाईंनी एक पेचकस घासून खास बनवला आहे. तो मिळत नाही. नातवाने त्याने मिक्सर उघडलेला असतो. पेचकस सापडेपर्यंत घरातले सगळे संस्कार निघतात.

डावा इजेक्टर डाव्या बशीत, उजवा उजवीत. त्या दिवशी काकी चहा बशीशिवाय देतात. वडिलांनी घातलेले खोबरेल खाचेत चिकट, काळे होऊन बसले आहे; ते भाई रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने काढतात. मग बोटाला लागेल न लागेल इतके तेल, आणि जोडणी.

शेवटी परीक्षा. दोन्ही नळ्यांत काडतुसांची रिकामी टोपणे, चाप एकाच नळीचा. बंदूक मोडताच एक टोपण टण्णकन अंगणात उडते, दुसरे जागच्या जागी डोके वर काढते. पोरे झेल घ्यायला टपलेलीच असतात.

यंदा टोपण झेलले गेले आणि तेवढ्यात गडी धावत आला. “भाई, डुकरां आयली मरे बागायतीत!”

भाईंनी बंदुकीकडे बघितले. “आत्ता? आत्ताच तेल लावन दवरल्या रे!”

आणि त्यांनी नातवाला पत्र्याचा डबा बडवायला पिटाळले. डब्याला परवाना लागत नाही, आणि तो निवडणुकीतही घरीच असतो.