सिंगल सीट

महाडच्या एमआयडीसीत शिफ्ट सुटली की बिरवाडीच्या दिशेने मोटारसायकलींचा लोंढा निघतो. त्या लोंढ्यात एक जण कुणाच्या तरी मागे बसून चाललेला असायचा. त्याच्या मांडीवर गोल, घोटीव, जुन्या विलायती पिक्चरात शोभेल असं महागाचं हेल्मेट असायचं. हेल्मेट होतं, गाडी नव्हती. गाडी घरी पडवीत गोणपाटावर मांडलेली होती, सुटी सुटी. गावात त्याला ‘रेसर’ म्हणतात.

आयटीआय झालेला, कंपनीत ऑपरेटर, वय तीसच्या आतबाहेर, लग्नाचं बघणं चालू. एका रात्रपाळीत मोबाइलवर त्याने कॅफे रेसर पाहिली आणि त्याला आजोबांची येझदी आठवली. म्हैसूरच्या कारखान्यातली ही रोडकिंग 1978 साली बाजारात आली आणि 1996 साली कारखानाच बंद पडला. आजोबा गेल्यापासून ती गोठ्यात पेंढ्याखाली होती आणि कोंबड्या तिच्यावर बिनभाड्याने राहत होत्या.

कॅफे रेसर म्हणजे काय, हे तो टपरीवर कुणी न विचारता सांगतो. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर 1938 साली ट्रकवाल्यांसाठी एस कॅफे निघाला. युद्धानंतर तिथे मोटारसायकलवाली पोरं जमू लागली. पेटीत नाणं टाकून गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत ठरलेल्या ठिकाणी फेरी मारून परत यायचं, अशी म्हणे त्यांची शर्यत. ताशी 100 मैल, म्हणजे 160 किलोमीटरचा वेग गाठला की जन्माचं सार्थक. त्यासाठी गाडीवरचं जास्तीचं सगळं उतरवायचं, हँडल खाली घ्यायचं, फूटरेस्ट मागे न्यायचे आणि मागची सीट कापून तिथे एक कुबड बसवायचं. टपरीवाला हे ऐकून घेतो आणि विचारतो, “मग घरातली माणसं कशी जायची रे? एसटीनं?” आपल्या रस्त्यावर टँकर, कंपनीच्या बसा, म्हशी आणि गतिरोधक धरले तर गाणं संपून दुसऱ्याची बारी निम्मी व्हायची, हा हिशेब त्याने बोलून दाखवला नाही, एवढा त्याचा मोठेपणा.

खरी अडचण लंडनची नव्हतीच. गाडी खोलायला घेतली आणि तिला वारस फुटले. कोकणात सातबाऱ्यावर अर्ध्या गुंठ्याला चौदा नावं असतात, तसं या येझदीचं झालं. मोठे काका विरारहून फोनवर म्हणाले, ती बैलजोडी विकून घेतली होती आणि बैल माझ्या हातचे होते. आत्या म्हणाली, लग्नानंतर मी पहिल्यांदा माहेरी आले ती हिच्यावरूनच. आई म्हणाली, तुझ्या वेळेला कळा सुरू झाल्या तेव्हा भर पावसात महाडला हिच्यावर बसूनच गेले होते. नीट ऐकलं तर एक गोष्ट ध्यानात येते. गाडी चालवल्याची आठवण एकाचीही नाही, कारण आजोबा कुणाच्या हातात ती देतच नसत. सगळा हक्क मागच्या सीटवरचा. आणि हा पठ्ठ्या नेमकी तीच सीट कापायला निघालेला.

टाकी घासायला घेतली तेव्हा घरात पहिली ठिणगी पडली. वरचा काळा रंग वडिलांनी मारलेला. त्याच्याखाली शेंदरी, तो काकांनी एका शिमग्याला लावलेला. त्याखाली मूळचा मरून आणि त्या मरूनवर आजोबांनी पेंटरकडून पिवळ्या अक्षरांत काढून घेतलेलं कुलदैवताचं नाव. पॉलिश पेपर धरलेला हात तिथे थांबला. कॅफे रेसरच्या टाकीवर देवाचं नाव शोभत नाही, आणि देवाच्या नावावर पॉलिश पेपर मारायची हिंमत बिरवाडीत कुणाला नाही. शेवटी एक बाजू चकचकीत चंदेरी झाली आणि दुसऱ्या बाजूला देव राहिले. फोटो काढताना तो नेहमी चंदेरी बाजूने काढतो. टाकीच्या आतला गंज काढायला त्याने तिच्यात बारीक खडी नि डिझेल घातलं आणि संध्याकाळभर ती मांडीवर घेऊन हलवली. आतल्या खोलीत आजीचा हरिपाठ चालू होता. ताल बरा जमला, असं आजी म्हणाली.

मग सुट्या भागांची यात्रा. कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्याचा जुना बाजार, शेवटी कुणाच्या तरी ओळखीने कोल्हापूर. पिस्टन मिळाला तर रिंगा मिळत नाहीत, रिंगा मिळाल्या तर लेथवाला बोअर मारायला जागेवर नसतो. स्थानिक मिस्त्री मात्र खंबीर. 2021 च्या जुलैत महाड पाण्याखाली गेलं, त्यानंतर चिखलाने भरलेली इंजिनं खोलून त्याचा हात असा बसलाय की त्याला आता कशाचं भय वाटत नाही. पण येझदीने त्यालाही घाम फोडला. या गाडीला किक आणि गिअर यांचा दांडा एकच. किक मारायची आणि तोच दांडा फिरवून गिअर टाकायचा. फूटरेस्ट मागे नेले की पाय दांड्यापर्यंत पोचत नाही आणि दांडा फिरवला की तो फूटरेस्टवर आपटतो. मिस्त्री दोन दिवस नुसता बघत बसला. मग म्हणाला, “साहेबानं गाडी बनवली ती बसून चालवायला. तुला झोपून चालवायचीय, त्याला कोण काय करणार?” तरी त्याने सळई वाकवून, रॉड जोडून काहीतरी जमवलं. पहिला गिअर पडतो. दुसरा पडला की नाही, ते आवाजावरून ओळखायचं.

दोन्ही सायलेन्सरना त्याने उष्णतेची पट्टी गुंडाळली तेव्हा आजी जवळ येऊन बघून गेली. “हिचे दोन्ही पाय मोडले काय रे?” एवढंच विचारलं.

कागदपत्रांचा विषय तो काढत नाही, आपणही काढू नये. आरसी बुक आजोबांच्या नावावर. मालक वारला की वारसाने तीन महिन्यांत 31 नंबरचा फॉर्म भरायचा असतो. इथे वीस वर्षं झाली. आरटीओ पेणला, शंभरेक किलोमीटरवर. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची फेरनोंदणी वेगळी. त्यातून मोटार वाहन कायद्याचं 52 वं कलम सांगतं की कंपनीने दिलेल्या रूपात असा मनमानी बदल करायचा नाही, आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानेही तेच बजावलं. म्हणजे जितकी देखणी गाडी, तितका पोलिसाला लांबून दिसणारा गुन्हा. रेसर म्हणतो, “आपण हायवेला काढणारच नाही.” आता बिरवाडीत राहून हायवे टाळायचा, तर वरंधा घाटाकडेच जायचं. जावा-येझदीवाल्यांचा जागतिक दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी असतो. त्या रविवारी घाटात दरड नसेल तर धुकं असतं, आणि दोन्ही नसतील तर याचा प्लग भिजलेला असतो.

तरी गाडी सुरू झाली, हे कबूल केलं पाहिजे. गणपतीच्या तोंडावर, चाकरमानी गावात उतरलेले असताना, अकराव्या की बाराव्या किकला निळा धूर सोडत तिने तो जुना डुगडुग आवाज काढला. पडवीतलं बोलणं थांबलं. काका पुढे आले, चष्मा पुसला, गाडीला फेरी मारली, कुबडापाशी उभे राहिले. “मी कुठं बसू?”

त्यावर रेसरने लंडनचा इतिहास सांगायला सुरुवात केली. काकांनी तो ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच मिस्त्रीला बोलावलं आणि तिसऱ्या दिवशी कुबडाच्या मागे लोखंडी कॅरिअर वेल्ड झालं, वर फोमची गादी. त्या वर्षी घरचा गणपती आणि नंतर सिलिंडर त्याच कॅरिअरवरून आला. आत्या दोनदा बाजाराला जाऊन आली. गाडीचा वेग ताशी पस्तीसच्या वर गेलेला कुणी पाहिलेला नाही, कारण मागे नेहमी कुणीतरी असतं आणि ते “हळू रे” म्हणत असतं.

रेसर खचलेला नाही. ही गाडी ‘सराव’ होती, असं तो आता सांगतो. पोलादपूरला मामाकडे बजाजची एम-80 आहे, तिची स्क्रॅम्बलर झकास होईल, असं त्याने चित्र काढून दाखवलं. मामा तिच्यावरून अजून रोज सकाळी दूध घालतो. चित्र पाहिल्यापासून तो रात्री गाडीला साखळी घालतो, आणि भाचा राहायला आला की किल्ली उशाखाली.