तलवारपारखी काकाजी

भंडाऱ्यात पितळी भांडं काळवंडलेलं दिसलं की घरच्या बाईची अब्रू गेलीच म्हणून समजा. पितळेचं गाव हे. चिंच लावायची, राखेनं घासायचं आणि समोरच्याला त्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे, ही इथली रीत. अशा गावात काकाजींच्या बैठकीत पाटी लटकते : 'भिंतीवरील कोणत्याही वस्तूस चिंच लावू नये.' ही पाटी पाहुण्यांसाठी नसून काकूंसाठी आहे. एका दिवाळीत काकूंनी तुआरेग लोकांच्या तलवारीची पितळी मूठ देवघरातल्या समईबरोबर घासून काढली होती. सहारा वाळवंटात पिढ्यान्‌पिढ्या चढलेला रंग दहा मिनिटांत मोरीत गेला. काकाजींनी दोन दिवस अन्नाला शिवलं नाही. "इतकी लखलखीत झाली, आता तरी कोणी इकत घेईन," ही काकूंची बाजू.

काकाजी जुन्या तलवारी जमवतात आणि पारखतात, त्याही आफ्रिकेच्या. आफ्रिकेच्याच का, असं विचारलं की चष्मा कपाळावर चढतो. "अगा बाबू, मराठी तलवार हाती घेतली का मांगं चार पणजे उभे रायतेत. हे महाराजांची, थे सरदारांची. खोटं सांगितलं तर मालक पाया पडते, खरं सांगितलं तर काठी काढते. आफ्रिकेच्या तलवारीवर भंडारा जिल्ह्यात कोनाचाच पणजा हक्क सांगत नाई."

त्यांची भिंत म्हणजे भूगोलाचा तास. सुदानची सरळ, दुधारी कस्कारा. सहारातली गोलसर टोकाची तकुबा. अल्जीरियाच्या कबाइल लोकांची अणकुचीदार फ्लिसा, जिच्या मुठीला परजच नाही. आणि ढालीला वळसा घालून मागच्या माणसाला गाठणारी इथिओपियाची वाकडी शोतेल. लाखांदूरकडची एक मावशी ही शोतेल बराच वेळ न्याहाळत राहिली. तिचा प्रश्न एकच होता : "यानं धान कापता येते का जी?" त्या दिवसापासून काकाजी शोतेलीबद्दल बोलताना आवाज खाली आणतात.

१९५९ चा शस्त्र कायदा आणि १९७२ चा पुरावस्तू कायदा त्यांना तोंडपाठ. शंभर वर्षं उलटली की वस्तू पुरावस्तू ठरते, ही अट ते नातवंडांना पाढ्यासारखी म्हणायला लावतात. माणसांची पारखही त्याच मापानं. एका पुढाऱ्यानं पक्ष बदलला तेव्हा अख्ख्या चौकात वाद पेटला होता. काकाजींनी दोन शब्दांत निकाल दिला, "पातं तेच. मूठ बदलली."

२०२५ साली लंडनच्या लिलावातून मराठा सरदार रघुजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारनं ४७.१५ लाख रुपयांना मिळवली, आणि काकाजींचं दुपारचं झोपणं संपलं. माळ्यावरच्या, गोठ्यातल्या, गव्हाच्या कोठीमागच्या तलवारी बाहेर निघाल्या. प्रत्येक तलवार रघुजींची. एवढ्या तलवारी बाळगायच्या तर रघुजींना बंगालच्या स्वारीवर वेगळा हत्ती न्यावा लागला असता.

असंच मोहाडीकडचं एक कुटुंब चादरीत गुंडाळलेली तलवार घेऊन आलं. सोबत तीन पिढ्या. "पणजोबाले रघुजी महाराजानं सोताच्या हातानं देल्ली जी," थोरल्यानं सांगितलं.

काकाजींनी आधी म्यान हुंगलं. कातड्याचं, टोकाशी पसरट होत गेलेलं. मग पातं बाहेर काढलं. सरळ, दुधारी, आडव्या लोखंडी परजेचं. भिंग लावून ते पात्यावरच्या चंद्रकोरीच्या शिक्क्यावर बराच वेळ थांबले. एकेकाळी अशा शिक्क्यांची पाती जर्मनीतल्या सोलिंगेनहून सुदानात यायची. गिऱ्हाईक चंद्र बघून पैसे मोजायचं, म्हणून सुदानी लोहारही आपल्या पात्यावर चंद्र ठोकू लागले. मग काकाजींनी पातं चिमटीत धरून मुठीपासून टोकापर्यंत बोटं फिरवली. जुन्या पात्याची जाडी टोकाकडे उतरत जाते. हे पातं सगळीकडे सारखंच जाड.

"घरातून लढाईवर कोन गेलतं?"

"आजोबा. दुसऱ्या महायुद्धात. आफ्रिकेत होते म्हनत."

काकाजींनी भिंग खाली ठेवलं. १९४१ च्या जानेवारीत भारतीय फौजांनी सुदानमधलं कसाला इटालियनांकडून परत घेतलं आणि तिथून त्या एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढायला गेल्या. मराठा पलटणही त्यात होती. आणि कसाला हे तलवारी घडवणाऱ्यांचं गाव. "आजोबानं बाजारातून घेतली असन. पातं ट्रकच्या कमानीच्या पाट्याचं आहे. पन काम चांगलं आहे बरं," काकाजी म्हणाले.

बैठकीत सुतक पसरलं. थोरल्यानं चादरीची घडी घातली आणि पुन्हा मोडली. काकाजींना दया आली. "मन लहान करू नोका. रघुजींच्या तलवारीचं पातंही युरोपातच घडलेलं आहे. पातं कुठलंही असो, थे कोनाच्या हाती होतं, हे पायजे. तुमचा आजोबा केरेनपर्यंत जाऊन जिता वापस आला. रघुजीपेक्षा थे काय कमी आहे?"

हे म्हातारीला पटलं. तिनं पदरानं डोळे पुसले, म्यानाला हात लावून नमस्कार केला. थोरल्याला मात्र कागद हवा होता. दारापर्यंत गेलेला तो मागे वळला.

"काकाजी, सुदानची त सुदानची. पन रघुजीनं तिथून आनली असन, असं लिहून देता का?"

"देतो ना," काकाजींनी पेनाचं टोपण काढलं. "ट्रकचा नंबर सांग. तोही रघुजीचाच असन."