फेस कुणाचा?

वारी जवळ आली की आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस येतो आणि मोशीच्या कट्ट्यावर आरोपी शोधायला सुरुवात होते. आजोबांचा निकाल तयार असतो: नव्या पोरांचे शाम्पू, वॉशिंग मशिनं, दर रविवारी धुतलेल्या गाड्या. "आमच्या वेळी हेच पाणी ओंजळीनं प्यायचो!" नातू मोबाइलमधून मान वर न काढता विचारतो, "मग घाण केलं कुणी?"

प्रश्न रास्त आहे. पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली १९५४ साली, मग एमआयडीसी, टेल्को. १९८२ मध्ये महापालिका. आजोबांचा पगार, पेन्शन, फ्लॅट सगळं त्यातूनच. अर्थात नातवाची नोकरीही चाकणलाच, आणि त्याचा 'इंद्रायणी वाचवा' छापलेला टी-शर्ट ज्या पावडरीत भिजतो तिलाही फेस दणदणीत येतो.

एका बाबतीत मात्र घरात एकमत आहे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सांडपाणी प्रकल्पाच्या वीजबिलाचा विषय निघाला, की आजोबा म्हणतात, "बंदच ठेवा." नातू लगेच अनुमोदन देतो. तळघरातल्या त्या पंपाला सध्या दोन जुन्या सायकली टेकवून ठेवल्यात.

तुमच्याकडचा पंप चालू आहे का, ते एकदा खाली उतरून बघा.