आठ पायांचं वेड

पुण्याच्या तपकीर गल्लीत, सुट्या भागांच्या दुकानात, पन्नाशीचा एखादा गृहस्थ काउंटरवर कोपर टेकून हळू आवाजात "ओपीए एकवीस चौतीस आहे का?" असं विचारताना दिसला, तर त्याला नीट बघून घ्या. आजूबाजूची मंडळी पंख्याचा कपॅसिटर नाहीतर चार्जरची पिन मागत असतात. याची चौकशी मात्र भाचीसाठी स्थळ बघावं तशी चाललेली असते. ओरिजिनल आहे ना? कुठल्या सालची? बर-ब्राऊनचा शिक्का असलेली जुनी मिळेल का? बर-ब्राऊन कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 2000 साली विकत घेतली. काउंटरवरचा मुलगा त्यानंतर जन्मलेला. तो डब्यात हात घालतो आणि म्हणतो, "काका, आठ पायांची आयसी ना? स्वस्तातली देऊ का भारीतली?" गृहस्थ डोळे मिटून घेतो.

या गृहस्थाकडे खिशात मावणारा, बॅटरीवर चालणारा हेडफोन ॲम्प्लिफायर असतो. त्याचं झाकण काढलं की आत ऑप-ॲम्प नावाची आठ पायांची एक काळी चिप दिसते. तिच्या पोटात दोन ॲम्प्लिफायर, एक डाव्या कानासाठी, एक उजव्या. ती सोल्डर केलेली नसते, आयसी बेसमध्ये खोचलेली असते. म्हणजे चिमट्याने उपटावी आणि दुसरी बसवावी. मूळची चिप बहुधा 5532, बाजारात वीस-तीस रुपयांना मिळणारी. एवढ्या स्वस्त वस्तूतून चांगलं गाणं येऊ शकतं, यावर त्याचा मुळीच विश्वास नाही.

त्याचा खजिना बिस्किटांच्या डब्यात, काळ्या फोमवर, पाय रुतवून ठेवलेला असतो. प्रत्येक चिपचा स्वभाव त्याला तोंडपाठ. 5532 "कोरडी, सरकारी". 2134 "मृदू, पण जरा लाजाळू". 4562 "स्वच्छ आहे हो, पण माया नाही." परीक्षेसाठी किशोरीताईंचा भूप, त्यातही विलंबितातली तीच चाळीस सेकंदं. ती संपली की झाकण उघडायचं, चिप बदलायची, पुन्हा तीच चाळीस सेकंदं. "मघाशी तंबोरे भिंतीला टेकून होते. आता बघ, दोन हात पुढे आले!" तंबोऱ्यांची जागा त्याला इंचांत सांगता येते. त्या भूपाची द्रुत मात्र त्याने कित्येक वर्षांत ऐकलेली नाही.

नवी चिप लगेच बोलत नाही, असंही त्याचं शास्त्र सांगतं. ती शंभर तास वाजली पाहिजे. म्हणून हेडफोनसकट सगळं कपाटात चालू ठेवलेलं असतं. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या बायकोला साड्यांच्या मागून बारीक आलापी ऐकू येते. पहिल्यांदा ती घाबरली होती. आता नुसतं म्हणते, "अहो, तुमच्या बाई अजून गातायत."

एकदा त्याने फार वेगवान चिप आणली. ती बसवताच "आवाजात ऊब आली" असं त्याने जाहीर केलं. ऊब खरोखरच आली होती. वेगवान चिपला तिच्याजोगी मांडणी आणि पायांशी बिलगून छोटे कपॅसिटर लागतात; ते नसले की ती स्वतःशीच मेगाहर्ट्झमध्ये थरथरत बसते. कानाला त्यातलं काही ऐकू येत नाही, पण चिप तापते आणि बॅटरी बसते. बोट भाजलं तेव्हा त्याने मत बदललं: "ऊब जरा जास्तच आहे."

ओपीए 627 ही या पंथाची काशी. एका चिपमध्ये एकच ॲम्प्लिफायर, म्हणून दोन घ्या, वर त्या बसवायला ॲडॉप्टर. खरी घेतली तर खर्च हजारांत. त्यामुळे बाजारात दुसऱ्याच चिपवरचं नाव घासून 627 छापलेला माल मुबलक. आमच्या गृहस्थाला तो स्वस्तात मिळाला. पंधरा दिवस मखमली, पंधरा दिवस दैवी. मग कुणीतरी शंका काढली, म्हणून त्याने बायकोचं नेलपॉलिश रिमूव्हर कापसावर घेऊन चिप पुसली. 627 कापसावर आला. त्याच संध्याकाळी आवाज कोरडा पडला.

पुतणी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनियर. तिने वहीच्या पानावर हिशेब मांडून दाखवला. आवाज किती पट वाढवायचा हे फीडबॅकचे रेझिस्टर ठरवतात, चिप नाही. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर 20 किलोहर्ट्झचा सूर पूर्ण जोराने काढायलासुद्धा मायक्रोसेकंदाला 0.6 व्होल्टहून कमी वेग पुरतो, आणि 5532 चा वेग 9. "आणि काका, स्टुडिओतल्या मिक्सिंग कन्सोलमध्ये वर्षानुवर्षं हीच चिप डझनांनी बसलेली असते. तुमच्या कित्येक रेकॉर्ड्स आधीच तिच्यातून जाऊन आल्यात." मग तिने डोळे बांधून, दोन्ही चिपांचा आवाज मीटरने सारखा करून परीक्षा घ्यायचं सुचवलं. कारण अर्धा डेसिबल मोठं वाजलं तरी माणसाला ते 'जास्त छान' वाटतं. गृहस्थाने शांतपणे नकार दिला. ताणाखाली कान मिटतो, म्हणाला. आणि त्या दिवशी सर्दीही होती.

त्याच्या बाजूने एवढं म्हटलं पाहिजे की चिप बदलल्याने कधीकधी खराच फरक पडतो. न जुळणारी बसवली तर बाहेर डीसी व्होल्टेज साचतं, गाण्याआधी कानात 'धप्प' होतं आणि व्हॉल्यूमचं बटण खरखरतं. चिपच्या टोकाची खाच बघितली नाही आणि ती उलटी बसली, तर पुरवठाच उलटा होतो आणि फरक नाकालाही कळतो. उरलेल्या वेळी पैसे हेडफोनवर घालवावेत. तिथला फरक बायकोलाही ऐकू येतो, आणि नेमकं म्हणूनच त्यात याला गोडी नाही.

त्याने कधी हेडफोन तुमच्या कानावर चढवला आणि टक लावून तुमच्या चेहऱ्याकडे पाहिलं, तर "काही फरक वाटत नाही" असं चुकूनही म्हणू नका. पुढचा अर्धा तास तुमच्या श्रवणशक्तीवर बोलणं होईल. मान किंचित कलती करून "खर्जात जरा भरीव वाटतंय" म्हणा. चहा येतो, सोबत भडंगही येतं. फक्त "पण मघाचीच बरी होती का?" असं विचारू नका, शेवटची बस जाईल.